तोरणाखालून दुमजली डबा

फुलसावंगीत रेल्वे नाही. गावातल्या निम्म्या माणसांनी आगगाडी पाहिली ती देवाला जाताना, आणि दुमजली आगगाडीत बसलेला माणूस आता एकच, बळीराम. त्यामुळे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, आपल्या बैलामागे दुमजली डबा जोडायचा असा त्याच्या नातीनं, सुरभीनं हट्ट धरला, तेव्हा तो आजोबाच्याच गळ्यात पडला.

गेल्या पोळ्याच्या आधी त्याची बायको विमल गेली. वर्षभर घरात सण नव्हता. सुरभीचा बैल फडक्यात गुंडाळून कोठीवर पडून होता. आता पोळ्यानंतर ती शिकायला पुसदला मामाकडे जाणार होती. गावातला हा तिचा शेवटचा तान्हा पोळा.

डबा रामलाल सुतारानं केला. चाकांवर फळी, फळीवर खोली, तिच्यावर दुसरी खोली, वर छप्पर. घर बांधतात तसं. दोन दिवस आधी खेमसिंग काठी घेऊन माप पाहायला आला. पोरांचे बैल ज्याखालून जात ते तोरण तोच बांधायचा, आणि काठी तोरणाच्या उंचीची होती.

"रामलाल, हे काय बांधलं? ग्रामपंचायत?"

"दुमजली सांगतलं, दुमजली केलं."

"वीतभर वर चाललं हे. तोरण मधातच तुटलं तं पोळा फुटला. बाकीच्या पोरायनं का घरी जायचं?"

"मंग तोरण वर बांध ना बाप्पा."

"तुह्या डब्यासाठी? पुढच्या साली कोणी हत्ती आणन."

रामलालनं करवत उचलली. "वरचा मजला काढून टाकतो."

"मंग थो डबा कायचा राह्यला?" सुरभी म्हणाली आणि बैलाची दोरी बोटाला गुंडाळत बसली. ती रडली असती तर बळीरामला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे, रामलाल."

घरी ओसरीवर सुरभीनं मोबाइलवर वाचलेलं सांगितलं. "आबा, तिकडे फ्रान्समधी पहिले लोक डब्याच्या टपावर बाकडे टाकून बसत. दीडशे वर्षं झाले. उघड्यावरच. लय उंच केलं की पुलाले लागे."

"मंग पुलाखालून कसे नेले?"

"थे वाचाच्या आधीच रेंज गेली."

बळीराम हसला, आणि हसता हसता त्याला सुरतचं लग्न आठवलं. विमलच्या भावाच्या घरचं. लग्नानंतर वलसाडच्या पाहुण्यांकडे जाताना दोघं दुमजली डब्यात बसले होते. त्याला वर बसायचं होतं, पण विमलनं खालची खिडकी धरली, आणि स्टेशन आलं की खिडकीत फलाटावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. "लग्नात तोंडं पाहून झाले, आता पाय पाहून राह्यली," असं म्हणून ती वलसाड येईपर्यंत हसत होती. एका बाईच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, त्यावर तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट त्यानं शंभरदा सांगितली होती. पण पायच काहून दिसले, हा विचार कधी केला नव्हता.

खिडकी फलाटाला टेकलेली, म्हणजे बसायची फळी फलाटाच्याही खाली. म्हणजे डबा चाकांवर नव्हताच, चाकांच्या मधात उतरला होता.

तो तसाच उठला आणि रामलालकडे गेला.

"खालचा मजला खाली सोड. दोन्ही टोकाले चाकं ठेव, मधात पोट."

"जमिनीले घासन ना."

"दोन बोटं ठेव."

"म्हैस बसल्यावाणी दिसन, बळीरामभाऊ."

"म्हैसच कर."

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारापुढं पोरं रांगेत उभी राहिली. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. बळीराम धोतर सावरून वाटेतले खडे वेचत होता, कारण पोट जमिनीपासून दोनच बोटं वर होतं.

"आयुष्यात वावरातले एवढे धोंडे वेचले नसन तुनं," खेमसिंग म्हणाला.

"वावरात आगगाडी नोती ना."

सुरभीची पाळी आली. बैल तोरणाखालून गेला. मागून डबा आला, मधे खाली झुकलेला, दोन्ही मजल्यांवर कागदाची माणसं बसलेली. खेमसिंग वाकून पाहत होता. आंब्याचं एक पान छपरावरून सरकत गेलं आणि परत आपल्या जागी लोंबायला लागलं. सगळं तोरण शाबूत.

"गेला," खेमसिंग म्हणाला, आणि काठी रामलालच्या खांद्यावर हळूच मारली. रामलाल म्हणाला, "म्या तं पहिलेच सांगत होतो, खाली सोडा म्हणून." त्यावर आयाबायासुद्धा हसल्या.

पूजा झाली, तोरण तोडलं, पोरं बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागायला घरोघर निघाली. बळीराम घराकडं वळला होता. रामलालचं सुतारकाम सोडलं, तर वर्षभरात तो कोणाच्या उंबऱ्याला गेला नव्हता.

"आबा, तिकडं कुठी? पायरी आली की डबा कोण उचलन?"

मग तो मागं गेला. प्रत्येक पायरीला डबा उचलून वर ठेवला, परतताना खाली ठेवला. दारात आलेली प्रत्येक बाई आधी वरच्या मजल्यात चॉकलेट ठेवायची आणि मग खालच्या खिडक्यांत पाहायला उकिडवी बसायची. चौथ्या घरी त्याला चहा घ्या म्हणाले. तो पायरीवरच बसला, डबा मांडीवर घेऊन, आणि दोन कप प्याला.