हरिपूरच्या पेवातली हळद

मी एक जुने पेव आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी पेव, म्हणजे धान्य किंवा हळद साठवायला जमिनीत खणलेले कोठार, पाहिले नसेल. सांगलीजवळ हरिपूर नावाचे गाव आहे, तिथल्या चिकट, घट्ट मातीत माझा जन्म झाला. तोंड लहान आणि पोट मोठे, असा माझा बांधा. पोटात दहा-बारा माणसे सहज उभी राहतील, पण तोंडातून एका वेळी एकच माणूस उतरेल. आत शेणमातीचा गिलावा, त्यावर उसाचा पाला, त्यावर चटया आणि मग हळद. तोंडावर पुन्हा पाला आणि मातीचा ढीग. एवढे केले की वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नाही. लोक उगीच म्हणतात, "गल्लोगल्ली क्लासचे पेव फुटले आहे." मी आजवर कधी फुटलो नाही. तोंड बंद ठेवणे हाच माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

माझे मालक भाऊसो. त्यांच्याकडून शेतकरी पेव भाड्याने घेत आणि भाव येईपर्यंत हळद ठेवत. त्यातलेच एक समडोळीचे बाळगोंडा पाटील. माणूस देवभोळा आणि भिडस्त. त्यांच्या पत्नी चंदनबाला मात्र कामाला वाघीण. या जैन घरात कांदा-बटाटा येत नाही, ओली हळदही कोणी खात नाही; वाळली की चालते. पण काहिलीत हळद शिजवताना चंदनबाला स्वतः उभ्या राहत. कुठले हळकुंड कच्चे राहिले हे त्यांना नखाने कळे. त्यांनी मला भरताना भाऊसोंना सांगितले होते, "ही स्वप्नालीच्या लग्नाची हाय. मधी कवा काढायची न्हाई."

स्वप्नाली त्यांची एकुलती मुलगी. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती पहिली आली आणि कोणालाही न सांगता तिने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्ज केला. शहाण्णव सालच्या मे महिन्यात तिकडून होकार आला. अर्धी फी माफ. उरलेली अर्धी आणि एका वर्षाचा खर्च बँकेत जमा आहे, असा दाखला मात्र जूनअखेरीच्या आत फॅक्सने पाठवायचा होता. दाखला नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेशाचा कागद नाही तर व्हिसाही नाही.

बाळगोंडांना वाटले, यात काय अवघड आहे? त्यांनी माझ्यात किती हळद आहे याची भाऊसोंनी दिलेली पावती खिशात घातली आणि थेट बँकेत गेले. साहेबांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले की शिल्लक कुठे आहे. बाळगोंडा अभिमानाने म्हणाले, "जमिनीत हाय की." साहेब हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी समजावून सांगितले की अमेरिकेतल्या माणसाला पेव कळणार नाही, खात्यावरचा आकडाच कळेल. पिढ्यान्‌पिढ्या या भागात पेवाची पावती दाखवून लग्ने ठरली, जमिनी घेतल्या गेल्या. ती कुठे चालणार नाही, हे पाटलांच्या डोक्यातच आले नव्हते. मलाही त्या दिवशी जरा अपमान झाल्यासारखे वाटले.

एका नातेवाइकाने युक्ती सुचवली. चार जणांनी महिनाभरासाठी खात्यात पैसे टाकायचे, दाखला घ्यायचा आणि काढून घ्यायचे. असे करणारेही होते. स्वप्नालीने ऐकले नाही. तिकडे गेल्यावर फी दाखल्याने भरता येत नाही, असे ती म्हणाली.

म्हणजे हळद विकणे आले. पण जून लागला होता. पावसात पेव उघडायचे नाही, हा हरिपूरचा नियम. एकदा ओल आत शिरली की सगळा माल काळा पडतो. घेणाऱ्याला माल दिवाळीनंतरच दिसणार आणि पैसे मात्र आजच द्यायचे. असे गिऱ्हाईक कुठून आणायचे?

त्याआधी घरातलाच प्रश्न सुटायचा होता. माझ्याच तोंडाशेजारी, पत्र्याच्या छपरीत मायलेकींचे बोलणे झाले. चंदनबाला म्हणत होत्या, आधी लग्न, मग काय ते शिक. तिकडे खाणार काय, सणवार कोण करणार, परत आल्यावर वय किती झालेले असेल. स्वप्नालीने सगळे ऐकून घेतले. भात-आमटी मला येते, एवढेच ती खाण्याविषयी बोलली. मग म्हणाली,

"आई, ही हळद माझ्या नावानं भरलीस न्हवं? मग काय करायचं ते मला एकदा तरी इचार की."

चंदनबाला उठल्या आणि पावसातच माझ्या तोंडावरची माती पायाने दाबत राहिल्या. मला वाटले, संपले सगळे. माझ्या पोटात एका मुलीचे शिक्षण होते आणि मला तोंड उघडता येत नव्हते.

दोन दिवसांनी चंदनबालांचाच निरोप आला की हळद विका, आणि भाऊसोंनी सांगलीचे व्यापारी जिनेश शेठ यांना बोलावले. छपरीत साताऱ्याचे नाथाजीही बसले होते. त्यांची तिकडे मसाल्याची गिरणी होती आणि ते भाऊसोंच्या दुसऱ्या पेवात ठेवलेल्या आपल्या मालाची चौकशी करायला आले होते. मित्रांनो, आमच्याकडे हळदीचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर टावेल टाकायचा आणि आत बोटे दाबून भाव सांगायचा. शेजारी बसलेल्यालाही आकडा कळत नाही.

जिनेश शेठना पाटलांची घाई ठाऊक होती. टावेल हलला. बाळगोंडांचा चेहरा उतरला. पुन्हा टावेल हलला आणि त्यांनी मान खाली घातली. भिडस्त माणूस तो, आता 'बरं' म्हणणार, हे मला कळून चुकले.

तेवढ्यात चंदनबाला पुढे आल्या. "आवं, किती म्हंतात?"

सगळे चमकले. टावेलाखालचा भाव मोठ्याने विचारायचा नसतो. भाऊसो हळूच म्हणाले, "वैनी, तशी रीत न्हाई आपली."

"रीत मला बी ठावं हाय, भाऊसो. पण मला काय टावेलाखाली हात घालता येत न्हाई. आन् माझ्या पोरीचं शिक्षान हाय, चोरीचा माल न्हाई. मोठ्यानं बोला."

जिनेश शेठनी टावेल नुसता सारखा केला. मग चंदनबालांनीच आपला भाव सांगितला, स्पष्ट आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा. बाजारभावापेक्षा जास्त नाही आणि एक पैसा कमी नाही. नाथाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"वैनी, न बघता घ्यायचा म्हंजे... माल कसा हाय?"

"मी शिजवलीया. दिवाळीनंतर खराब निगाली, तर माझ्या पाटल्या-बिलवर तुमचं."

जिनेश शेठनी आपला भाव थोडा वाढवून पाहिला, पण तो अजून कमीच होता आणि आता सगळे कानांनी ऐकत होते. नाथाजींनी चंदनबालांचाच भाव मान्य केला आणि सौदा झाला. त्याच आठवड्यात पैसे खात्यावर आले, दाखला गेला, जुलैत व्हिसा मिळाला आणि ऑगस्टमध्ये स्वप्नाली गेली. जाण्याआधी ती माझ्यापाशी आली होती. ओल्या मातीला हात लावून नमस्कार केला. मी भरलेलाच होतो, तरी मला तेव्हा भरून आले.

दिवाळीनंतर मला उघडले. हमाल सयाजीने कंदील दोरीने आत सोडला. तो विझला. पहिल्यांदा विझतोच, आतली हवा कोंडलेली असते. पण चंदनबालांचा हात आपोआप पाटल्यांवर गेला. दुपारी पुन्हा सोडला, तेव्हा ज्योत स्थिर राहिली. हळदीची पहिली पाटी वर आली. नाथाजींनी एक हळकुंड मोडले. कट्ट आवाज झाला आणि आत केशरी रंग दिसला. बास झाले, असे ते म्हणाले. चंदनबालांनी मात्र तळापर्यंतचा माल काढायला लावला आणि शेवटची पाटी स्वतः पाहिली. मग पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

स्वप्नालीने पहिल्या वर्षी तिकडच्या भोजनगृहात ताटे धुतली. दुसऱ्या वर्षी विद्यापीठातच शिकवायला मदत करून तिने स्वतःची फी भागवली. घरून पुन्हा पैसे मागावे लागले नाहीत.

आता नव्व्याण्णव साल आहे. सांगलीत शीतगृहे आली आहेत. माझ्या शेजारची कितीतरी पेवे मातीने बुजवली. माझाही गिलावा जागोजागी सुटला आहे आणि भाऊसोंचे माझ्याकडे पूर्वीसारखे लक्ष नसते. मी रडत बसलेलो नाही. यंदा चंदनबालांनी स्वतः उभे राहून मला लिंपून घेतले आणि पुन्हा भरले. पावती लिहिताना भाऊसोंनी सवयीने विचारले, "वैनी, कुणाच्या लग्नाची म्हनायची ही?"

"धाकट्या जावेच्या प्रियंकाची हाय," त्या म्हणाल्या. "आन् कशाची ते तिला इचारून सांगते."

मित्रांनो, आम्हा जुन्या पेवांची डागडुजी करा, आम्ही अजून पुष्कळ सांभाळू शकतो. आणि तुमच्या घरात तुमच्या नावाने काही साठवलेले असेल, तर ते कशासाठी आहे, हे मोठ्याने विचारा. तोंड बंद ठेवणे हे पेवाचे काम आहे, तुमचे नव्हे.