घुबडीची शिकवणी

लमजदची आई पहाटे गेली आणि दुपार व्हायच्या आत तिच्या कबरीत समुद्र शिरला.

खोदणारे कमरेइतके खाली गेले असतील नसतील, तोच तळातून पाणी झिरपायला लागलं. त्यांनी डब्यांनी उपसलं, पुन्हा भरलं. एकाने बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. खारट. शेजारी दुसरी खोदली, तिचीही तीच गत.

दलिंदाला ही बातमी धक्क्यावर कळली. समुद्राची पातळी मोजणारं यंत्र धक्क्याच्या टोकाला बसवलेलं होतं आणि त्याची देखभाल तिच्याकडे होती. बातमी सांगणारा मान खाली घालून उभा होता. "बरं झालं," दलिंदा म्हणाली. मोठ्याने म्हणाली. जीभ चावली नाही.

का चावावी? केर्केनाची ही बेटं ताटासारखी सपाट. समुद्र वीतभर चढला तरी माणसांना कळायला हवं. समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातून शिकून परत आली तेव्हा हे सांगायला तिने कॉफीखान्याच्या भिंतीवर आलेख लावला होता. पुरुषांनी तो पाहिला, हिंग लावून विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लमजदने त्याचं वाटोळं केलं. लमजद मासळीचा लिलाव पुकारायचा. गावचं वर्तमानपत्र, न्यायाधीश आणि तमाशा, तिन्ही त्याच्या एका गळ्यात. ऑक्टोपस हातात धरून तो लिलावाच्या ओट्यावरून ओरडला, "घ्या हो, स्वस्तात घ्या! डॉक्टरीणबाईंचा समुद्र वाढतोय, उद्या हा गडी आपल्या पायांनी तुमच्या चुलीपर्यंत येईल, मग विकत कोण घेणार!" गाव पोट धरून हसलं. त्याने तिचं नाव घुबड ठेवलं. त्या दिवसापासून ती गल्लीतून निघाली की मागून कुणीतरी घूत्कार करायचं. हसणारे वाईट नव्हते. पण हसायला मिळालं की विचार करावा लागत नाही, हे त्यांना लमजदने शिकवलं.

मग तिने कबरस्तान हलवा म्हणून सांगितलं. ते किनाऱ्याला लागून होतं, आणि गावामागचं एकच टेकाड उंच होतं, लमजदच्या अंजिरांचं. "जिवंत माणसं पुरेनात," तो ओट्यावरून म्हणाला, "आता घुबड मेलेल्यांनाही उठवून चालवणार!" पुन्हा हशा. त्याच हिवाळ्यात वादळाने कबरस्तानाची समुद्राकडची ओळ फोडली. दलिंदाची आई त्या ओळीत होती. सकाळी वाळूत दगड सापडले, आई सापडली नाही. लमजद म्हणाला, "वादळं काय आजोबांच्या काळात नव्हती?" आणि लिलाव सुरू केला.

आता तोच लमजद धक्क्यावरून चालत येत होता. दाढी वाढलेली, चपलांना कबरीचा चिखल.

"दलिंदा."

"घुबड म्हण. सवय मोडू नकोस."

"ओहोटी कधी लागेल? पाणी उतरलं की आईला..."

"ओहोटी लागलीच आहे. खाली बघ."

त्याने पाहिलं. धक्क्याच्या खांबांवरचं शेवाळ उघडं पडलं होतं. "मग कबरीतलं का उतरत नाही?"

"कारण ते आता जमिनीचं पाणी आहे. समुद्र वर सरकला की जमिनीत शिरतो आणि तिच्याखालचं पाणी वर उचलतो. ती जागा गेली, लमजद."

तो गावामागच्या टेकाडाकडे वळला. "मी तिला टेकाडावर पुरीन. अंजिरं तोडतो. पण एकटी कशी ठेवू? जाताना हात धरून तिने तेवढंच मागितलं, मला शेजार दे म्हणाली. गाव आपली पुरलेली माणसं तिथे हलवायला तयार पाहिजे ना! गाव म्हणतं, थांब, उद्या पाणी उतरेल. या उन्हात उद्या? तू चल. तू सांग त्यांना."

"मी सांगितलं होतं. ते हसले. कुणी शिकवलं हसायला?"

"विनवतो तुला."

"तू सांग. ओट्यावर चढ आणि सांग."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मग शीक."

तिने त्याला मासळीच्या पालथ्या खोक्यावर बसवलं आणि शिकवलं. तापलेलं पाणी फुगतं कसं, दूरदेशींचा बर्फ वितळून इथल्या दारात कसा येतो, धूर कुणी केला आणि भोगतंय कोण. तो चुकला की म्हणायची, "चूक. पहिल्यापासून." तिकडे म्हातारी धुऊन, कफनात गुंडाळून पडली होती. ती बाई दलिंदाशी कधी वाकडं बोलली नव्हती. तरी दलिंदाने घाई केली नाही. लमजदच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिला तो बघायचा होता.

त्याच दुपारी ओट्याभोवती पुरुष जमले. दलिंदा बर्फाच्या पेट्यांपाशी उभी राहिली. बायका तिथे उभ्या राहत नाहीत. ती राहिली.

"समुद्र वाढलाय," लमजद म्हणाला. आवाज बसलेला.

मागून कुणीतरी घूत्कार केला. काहींनी त्याला दटावलं, पण त्यांच्या मिशांत हसू होतंच. "आई गेली की डोकं ठिकाणावर राहत नाही," एकजण म्हणाला. "पाणी द्या रे त्याला."

"मी शुद्धीत आहे!"

"शुद्धीतली माणसं असं बोलत नाहीत, हे तूच सांगायचास की." आता उघड हसले. लमजदचे कान लाल झाले. दलिंदाने एकेक हसणारं तोंड नीट पाहिलं. गारवा वाटला तिला.

म्हातारा शादली पुढे आला. त्याचं म्हणणं सगळ्यांचंच म्हणणं असायचं. "पोरा, पाणी आहे तिथंच आहे. तळ खचलाय. ट्रॉलरवाल्यांनी तळाशी जाळी ओढून खरवडून नेला."

"बरोबर!" गर्दी म्हणाली.

लमजदने दलिंदाकडे पाहिलं. बुडणारा माणूस होडीकडे बघतो तसं. तिने तोंड उघडलं नाही.

"शादलीकाका," तो शेवटी म्हणाला, "कबरस्तानात कुणाचा ट्रॉलर गेला होता?"

कुणी हसलं नाही.

"समुद्रात झावळ्या रोवून कुंपणं घालता ना मासळीला? तुमच्या बापाची झावळी किती लांब होती? तुमची किती आहे?" आता त्याचा गळा मोकळा झाला. "दर शरदात त्या पाण्यावर दिसाव्यात म्हणून आपण झावळ्या आधीपेक्षा लांब कापतो आणि शेजाऱ्याला सांगत नाही. मीही कापतो! कुणी बापाच्या मापाने कापत असेल त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. झावळ्यांचं हे दलिंदाने शिकवलं नव्हतं. तिचा आलेख जिथे पोचला नाही तिथे याची दोन वाक्यं पोचली, याचा तिला आणखी संताप आला.

"ती खरं बोलत होती," लमजद म्हणाला. "तुम्ही हसायचात आणि मला ते गोड लागायचं, म्हणून मी खोटं बोललो. टेकाड गावाला दिलं. कुणीतरी माझ्या आईला शेजार द्या."

 मग शादलीने घसा खाकरला. "माझ्या बायकोची कबरही ओलीच असते," तो म्हणाला. "तिला आणतो."

सूर्य बुडायच्या आत म्हातारी टेकाडावर गेली.

तिसऱ्या दिवशी लमजद दलिंदाच्या दारात उभा राहिला. हातात दुखवट्याच्या जेवणातल्या कुसकुसची झाकलेली थाळी. "माफ कर," तो म्हणाला. "आईच्या उजवीकडची जागा तुझ्या आईसाठी राखलीय."

"चल," ती म्हणाली.

थाळी तशीच उंबऱ्यावर राहिली. फुटलेल्या किनाऱ्यावर, जिथे पूर्वी कबरींची ओळ होती, तिथे तिने त्याला गुडघाभर पाण्यात उभं केलं.

"जागा राखलीस ना? मग बोलाव तिला. मब्रूका नाव होतं. हाक मार."

"दलिंदा, असं नको गं."

"सगळं गाव ऐकायचं तुझा गळा. मार हाक."

लमजदने तोंड उघडलं. पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं आणि लाटेत गेलं.

"मोठ्याने," दलिंदा म्हणाली.