धुराची झडप

बारामतीच्या एमआयडीसीत लोखंडी ओतकामाचा एक कारखाना होता, तिथं बिरदेवचं काम सांगायला सोपं होतं. भट्टीतला धूर पंख्यानं ओढायचा, मोठ्या पेटीतल्या दीडशे कापडी पिशव्यांतून गाळायचा आणि साफ करून चिमणीतून वर सोडायचा. पिशव्या तुंबल्या की पंख्याची ओढ कमी पडे आणि धूर भट्टीवरच्या माणसांच्या नाकातोंडात जाई. म्हणून पेटीच्या अलीकडं एक झडप होती. ती उघडली की धूर पिशव्यांना वळसा घालून आखूड नळातून थेट बाहेर. झडप अडीनडीलाच, पाच-दहा मिनिटं उघडावी, असं तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

दिवाळीपासून अडीनड रोजचीच झाली. साहेबांनी स्वस्तातलं भंगार आणायला सुरुवात केली होती, तेलानं आणि रंगानं बरबटलेलं. त्याची काजळी चिकट, पिशव्यांवर बसली की झटकून निघेना. भंगार साफ आणा, पिशव्या नव्या घाला, असं बिरदेवनं तीनदा सांगितलं. पुष्कर साहेब, कारखान्याचे तरुण मॅनेजर, तीनदा हो म्हणाले. हो म्हणायला त्यांना कधीच जड गेलं नाही. धूर मोजणारं यंत्र चिमणीला होतं, नळाला नव्हतं. त्यामुळं सरकारी कचेरीतल्या पडद्यावर सगळं आलबेल दिसायचं. आणि बिरदेव सकाळी झडप उघडायचा ती पाळी सुटेपर्यंत. नाहीतर आत माणसं गुदमरायची, मग करणार काय तो?

नळाचं तोंड भिंतीपलीकडच्या वस्तीकडं होतं. पहिलंच घर ठमाबाईचं, बिरदेवच्या थोरल्या बहिणीचं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता एक यशराज, त्याला बिरदेवनंच शब्द टाकून भट्टीवर लावला होता. थंडीत धूर वर चढत नाही, खालीच बसतो. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काळं होऊन निघायचं. ठमाबाईला आधी खोकला लागला, मग दम लागला, आणि त्या शनिवारी दवाखान्यात ऑक्सिजन लावायची पाळी आली. सोमवारी सकाळी घरी सोडताना डॉक्टरांनी बिरदेवला बाजूला घेतलं.

"छाती पार गेलीय त्यांची. पुन्हा हाच धूर लागला तर माझ्याकडं आणून उपयोग नाही."

रिक्षात बिरदेव म्हणाला, "आक्का, माझ्याकडं कळंबला चल. हवा चांगली हाय."

"आन् यशराजला भाकरी कोण करून घालंल? तू?" ठमाबाई हसली, आणि हसण्याचाच तिला खोकला आला.

बिरदेव दहाला कामावर पोचला. त्याच्या जागी कुणीतरी झडप उघडून ठेवलीच होती. आपल्या हातानं आपण बहिणीला मारतोय, दोन महिने रोज मारतोय, हे त्याला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. झडप ओढून बंद केली, दांड्याला साखळी घातली, कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. आता बदलतील झक मारत पिशव्या!

अर्ध्या तासात शेड धुरानं भरली. माणसं खोकत, शिव्या घालत बाहेर पडली.

"तात्या, डोकं फिरलं का तुमचं?" एकजण बिरदेववर ओरडला.

पुष्कर साहेब नाकाला रुमाल लावून धावत आले. "काका, उघडा आधी ती झडप!"

"पिशव्या बदला. तंवर भट्टी थांबवा."

"अहो, दीड टन पातळ लोखंड आहे आत. गोठलं तर भट्टीच जाईल."

"जाऊ द्या."

"आणि यशराज?"

बिरदेवनं बाहेर आलेली तोंडं पाहिली. यशराज त्यांत नव्हता. पातळ लोखंडानं भरलेली बादली क्रेनला लटकलेली होती. ती तशी सोडून येता येत नाही, ओतून रिकामी करूनच यावं लागतं. तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण सकाळपासून त्याच्या डोक्यात फक्त आक्का होती. किल्ली हातात आली, पण हात कुलपाकडं जाईना. उघडावी तर बहीण, न उघडावी तर भाचा.

तेवढ्यात गेटावरच्या वॉचमनला ढकलून ठमाबाई आत आली. अनवाणी, धापा टाकत. दोन महिन्यांत पहिल्यांदा आभाळ मोकळं दिसलं म्हणून सगळी वस्ती अंगणात आली होती. ही एकटीच इकडं धावली होती. नळातून धूर निघत नाही म्हणजे तो आत साठतोय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"माझं पोरगं कुठाय?"

ती बिरदेवपुढं येऊन उभी राहिली.

"उघड."

"आक्का, तुझ्या अंगावर सोडू व्हय? डाक्टर काय म्हणला, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय. मी काय भैरी न्हाय, समदं ऐकलंय. उघड म्हणते ना!"

बिरदेवनं किल्ली कुलपापाशी नेली आणि मागं घेतली. शेवटी ठमाबाईनं ती त्याच्याकडून घेतली, कुलूप काढलं, आणि दोघांनी मिळून दांडा ओढला.

धूर भसाभसा नळातून निघाला आणि वस्तीवर उतरायला लागला. काही वेळानं दोन कामगारांनी यशराजला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणलं. तो काळं काळं ओकला, पण श्वास घेत होता. ठमाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, गालावरून हात फिरवला. मग तोच पदर नाकाला बांधला आणि घराकडं निघाली. पोराला जेवायला घालायचं होतं.

"आक्का, तिकडं जाऊ नको गं!" बिरदेव ओरडला. तिनं मागं पाहिलं नाही.

"बरं झालं काका, वेळेवर उघडलीत," पुष्कर साहेब म्हणाले आणि माणसांना पुन्हा आत पाठवायला लागले.

बिरदेव तिथंच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. पाळी सुटेपर्यंत तो तिथंच होता. झडप बंद करायला त्याला कुणी सांगितलं नाही.