आग्रहाचा आठवडा

इव्हेंट सुरू झाला त्या सकाळी खेळाडू ऑफिसात येऊन बसले. घरबसल्या लॉग-इन केलेले नव्हेत, खरेखुरे, हाडामांसाचे. तिसऱ्या मजल्यावर, फरशीवर मांडी घालून, समोर केळीचं पान घेऊन. अश्लेषा वर्तक लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा पंगत रिसेप्शनपासून निघून तिच्या टेबलाखालून मीटिंग रूमच्या काचेतून आरपार पलीकडे गेलेली होती. काच फुटलेली नव्हती. काचेत बसलेल्या गृहस्थांचा एक गुडघा अलीकडे होता आणि एक पलीकडे, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

"चपला बाहेर काढा हो," पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

तिनं काढल्या. फरशी चिकट होती. पहिल्याच पावलाला तळवा चर्रकन सुटला आणि तिच्या अंगावर शहारा आला. खाली पाक होता, साखरेचा, कोमट. त्यात केस होते, माश्या होत्या, आणि कुणाचं तरी ओळखपत्र होतं.

आता हे डोकं कुणाचं म्हणाल तर तिचंच. बाणेरच्या या कंपनीत 'गडझुंज' नावाचा गेम बनतो, टोळ्या करून एकमेकांचे गड जिंकायचा, आणि त्यातले बक्षिसांचे इव्हेंट ठरवणं हे अश्लेषाचं काम. मागच्या इव्हेंटला ज्यांनी पैसे ओतले त्यांनी पहिल्या तासाभरात हत्ती, तोफा, सगळं उचललं आणि बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. खेळाडूंनी अशा काही शिव्या घातल्या की वाचवेनात. मीटिंगमध्ये अश्लेषा भडकली. म्हणाली, "वाटायचंच असेल ना, तर पंगतीत वाढतात तसं वाटा. बसला तो पाहुणा. त्याच्या पानात जे पडेल तेच याच्या पानात. पंक्तिप्रपंच चालणार नाही!"

आणि तिनं नियम केले. सगळ्यांना सारखं. मध्येच नियम बदलायचे नाहीत, कुणासाठीही नाहीत. आणि ओळीतल्या शेवटच्या माणसाचं पान साफ होईपर्यंत कुणी उठायचं नाही, म्हणजे ज्याचा फोन जुना, ज्याच्याकडे नेटवर्क रडतं, त्यालाही त्याचं मिळेल. काय चूक होतं सांगा त्यात? टाळ्या पडल्या. श्रीरंग राजाध्यक्ष, म्हणजे तिचे साहेब, त्यांनी तर डोळे पुसले. 'आग्रहाचा आठवडा' हे नावही त्यांनीच ठेवलं.

त्या न्यायाचा आता वास सुटला होता. आंबलेलं पीठ, तूप आणि माणसांची तोंडं. प्रत्येकाच्या डाव्या हातात फोन होता, अंगठा 'घ्या' या बटणावर होता, आणि अंगठा दाबला की पानात जिलबी पडायची. वरून नाही, खालून नाही, नुसती पडायची. उजवा हात ती उचलून तोंडात कोंबायचा. तोंड रिकामं व्हायच्या आत अंगठा पुन्हा दाबला जायचा. पाक मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून मांडीवर. कॉलेजच्या पोरी होत्या, रिक्षावाले होते, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या स्टेथोस्कोपालाही मुंग्या लागल्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नुसता चप् चप् चप् असा आवाज, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

काचेतल्या गृहस्थांचा जबडा निखळला होता. ते कोपरानं तो वर ढकलत होते, तेवढ्यात जिलबी आत सारत होते.

"अहो काका, पुरे करा ना," अश्लेषा म्हणाली.

"पान साफ झालं की उठायचंय, मॅडम."

"मग ते बटण दाबू नका. दाबलं नाहीत तर साफ होईल."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना श्वास घेऊ नका म्हटलं. "फुकट आहे, मॅडम," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

शी! ती ओढणी नाकाला लावून पुढे गेली तर समोरून श्रीरंग सर आले. जीन्सवर उपरणं कमरेला बांधलेलं, हातात परात, परातीत जिलब्यांचा ढीग. ज्याचा अंगठा दमला त्याच्या पानात ते स्वतःच्या हातानं वाढत होते.

"घ्या हो, लाजताय काय! एक घ्या, आमच्यासाठी!" आणि मग अश्लेषाला पाहून, "अगं कुठे होतीस? बघ, बघ! कुणी उठत नाहीये! इतकी वर्षं आम्ही डोकं फोडून घेतलं, की माणूस गेममध्ये टिकेल कसा, टिकेल कसा. आणि तू एका वाक्यात बसवलास!"

"सर, हे बंद करा. ही माणसं आजारी पडतील."

"बंद? मध्येच?" त्यांचा चेहरा खरोखर दुखावला. "नियम तूच केलास ना? मध्येच बदलायचं नाही. मी तर शब्दालाही हात लावला नाही."

"मग शेवटच्या माणसाचं पान आधी साफ करू. शेवटचा कोण आहे?"

साहेबांनी परात धरलेल्या हातानंच समोर दाखवलं. समोरची भिंत तिच्या ओळखीची होती, तिच्यावर तिनंच सुट्ट्यांचं कॅलेंडर लावलं होतं, पण आता ते कॅलेंडर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. ती बघत असतानाच तिकडे दोघं जण येऊन बसले आणि भिंत जराशी मागे सरकली.

"ओळ वाढली की हॉल वाढतो," श्रीरंग सर म्हणाले. "बिल्डरनं काम चांगलं केलंय."

आणि ते पुढे वाढायला गेले. अश्लेषा तिथेच उभी राहिली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, तिला तेव्हा घाण वाटत होती, पण भीती वाटत नव्हती. परकी माणसं, त्यांची तोंडं, त्यांचा हावरटपणा. आपण हात धुऊन घरी जाऊ, राजीनामा पाठवू, आठ दिवस गोड म्हणून खाणार नाही, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

मग पँट्रीच्या दाराशी तिला तिची आई दिसली.

हिरव्या काठाची साडी, केसांचा अंबाडा, मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब केलेला. तो पाय मलमपट्टीत होता. मंदाकिनीबाईंना साखर आहे, आणि ती काही साधीसुधी नाही. गेल्या वर्षी पायाचं नख कापताना लागलं तर ती जखम भरता भरेना, दोन बोटं गेली. डॉक्टरांनी अश्लेषाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आता एकदा जरी साखर चढली तर पाय राहणार नाही, आणि पायाचं सोडा, बाईच राहणार नाही. घरात साखरेचा डबा नव्हता. बाबा गेल्यापासून आईला बोलायला माणूस हवं म्हणून अश्लेषानंच तिला गडझुंज फोनवर घालून दिला होता. तिथे तिची टोळी होती, टोळीत तिला सगळे काकू म्हणायचे.

काकूंचे दोन्ही गाल फुगलेले होते.

"आई!" अश्लेषा पाकातून धावली. दोनदा घसरली. "आई, थुंक! थुंक ते आधी!"

"अगं, आलीस?" आई तोंडातल्या तोंडात म्हणाली. "छान केलंयस हो. सगळ्यांना सारखं. टोळीतली मुलं म्हणतात, काकू, तुमच्या लेकीनं केलंय हे? मी म्हटलं, मग!" आणि तिनं अंगठा दाबला.

अश्लेषानं तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. आई वितभर उठली. साडीचा काठ फरशीला चिकटलेला होता, तो ताणला गेला. आणि चप् चप् आवाज थांबला. सगळ्या पंगतीनं माना वळवल्या.

"हिलाच का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आम्ही कधीचे बसलोय."

"मॅडमची आई आहे ना, म्हणून!"

"पंक्तिप्रपंच!" काचेतले गृहस्थ ओरडले. निखळलेल्या जबड्यातून तो शब्द फार घाणेरडा बाहेर आला, पाकासकट. मग सगळी ओळच ओरडायला लागली, शेवटच्या भिंतीपर्यंत, आणि तिकडचा आवाज इकडे पोचेपर्यंत इकडचा दुसऱ्यांदा सुरू झालेला असायचा.

"तिला साखर आहे हो!" अश्लेषा किंचाळली. "मरेल ती!"

"मलाही आहे," शेजारचे एक रिक्षावाले शांतपणे म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते.

तिला राग आला, स्वतःचा, त्यांचा, आईचासुद्धा. ही बाई एवढी शिकलेली, दोन बोटं गेली तरी हिला अक्कल नाही! आणि रागाच्या भरात तिनं आईच्या हातातला फोन धरून हिसकला. फोन निघेना. तळव्याची कातडी फोनला चिकटून लांब आली, जिलबीच्या पाकाची तार येते तशी, आणि आई म्हणाली, "अगं अगं, दुखतंय."

पाणी नव्हतं. पँट्रीच्या नळालाही पाकच येत होता. मग अश्लेषानं डोळे मिटले आणि आईचा हात चाटायला सुरुवात केली. ज्या मुलीनं कधी कुणाचं उष्टं भांडं हातात धरलं नाही, ती. पाक कोमट होता, त्याला घामाची खारट चव होती आणि त्यात फोनच्या काचेचा कडवटपणा होता. प्रत्येक चाटण्याला तिच्या घशातून उलटी वर यायची, ती गिळून ती पुन्हा चाटायची. आईची बोटं पाकात मुरून फुगली होती, मऊ, पिवळसर, अर्धवट पारदर्शक झाली होती. अखेर फोन सुटला आणि सुटता सुटता अश्लेषाच्या तळव्याला चिकटला. आता तो तिच्या हातातून निघेना.

"जागा रिकामी नाही ठेवता येणार हं," रिक्षावाले म्हणाले. ते रागावलेले नव्हते, समजावून सांगत होते.

"मी बसते," अश्लेषा म्हणाली. "तिच्या जागी मी. तेच पान. मग झालं?"

पंगत आपापसात कुजबुजली. निरोप भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. चालेल, असं ठरलं. माणूस गेला, माणूस आला, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि चप् चप् पुन्हा सुरू झालं.

आईचे गुडघे कटकन वाजले आणि ती उभी राहिली. अश्लेषा तिच्या उबदार, ओल्या जागेवर बसली. पानात आईनं चावून ठेवलेले तुकडे होते. तिला रडू येत होतं, पण ते घाणीचं नव्हतं, सुटकेचं होतं.

"आई, ऐक. सरळ लिफ्टनं खाली जा. रिक्षा कर. घरी जाऊन आधी साखर तपास, जास्त निघाली तर शेजाऱ्यांकडून डॉक्टरांना फोन कर. इथे थांबू नकोस. जा ना!"

"जाते गं, जाते," आई म्हणाली. दोन पावलं गेलीही. मग तिनं वळून पाहिलं. तिनं पान पाहिलं, भरलेलं, आणि पानासमोर तोंड मिटून बसलेली लेक पाहिली.

"तू काहीच घेतलं नाहीस," ती म्हणाली.

"मला नकोय."

"नको कसं? पानावर बसून नको म्हणतात का?" मंदाकिनीबाईंनी पदर कमरेला खोचला. श्रीरंग सर शेजारून चालले होते, त्यांच्या हातातून त्यांनी परात काढून घेतली. सरांनी अदबीनं दिली. मग त्या लेकीसमोर उकिडव्या बसल्या, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की अश्लेषानं बाबा गेल्यापासून तो तसा पाहिला नव्हता.

"एवढी एक. माझ्या हातची."

"आई, तू घरी जा म्हटलं ना."

"तू एक घास घे, की मी निघाले. आ कर."

अश्लेषानं दात घट्ट मिटले. आईनं डाव्या हातानं तिचे गाल दाबले, तान्ह्या पोराला औषध पाजताना दाबतात तसे, आणि दात सुटले. जिलबी आत आली. जिलबीमागून बोटं आली, मऊ, गोड, मुरलेली, एक, मग दुसरं, तिच्या जिभेवर. जिलबी कुठे संपली आणि बोटं कुठे सुरू झाली ते तिला कळेना. हातातल्या फोनवर तिचा अंगठा आपोआप खाली गेला.

"शहाणी गं माझी बाय," आई म्हणाली. "आता चाव."