धडक आधी, दुखणं मागाहून

आबांच्या बेकरीत एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नसे. भट्टी आणि कणीक मळायचं टेबल यांच्यामधली वाट अगदी चिंचोळी. कुणाच्या पाठीमागून जायचं असेल, तर ‘मागे!’ म्हणून खणखणीत ओरडायचं. नियम आबांचाच. सख्ख्या मुलालासुद्धा त्यांनी यावरून चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

आणि त्या सकाळी आबाच गर्रकन वळले. सूनबाई भट्टीतून काढलेला ट्रे घेऊन मागून येत होती. धडक बसली, ट्रे खणाणला आणि तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

“ओरडता येत नाही तुला?” आबा कडाडले.

कामगारांचे हात जागच्या जागी थांबले. कारण ती ओरडली होती. एकदा नाही, दोनदा. सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चुकलंच माझं, आबा.”

घ्या! म्हणजे वर आणि चूक तिनंच पदरात घेतली.

दुपारी घरी मुलगा आबांना म्हणाला, “आता पुरे झालं. उद्यापासून तुम्ही घरी आराम करा.” आराम! ज्या माणसाचे हात पहाटेपासून पिठात, त्यानं घरी बसून काय माश्या मारायच्या?

नात आईच्या हाताला मलम लावत होती. आई म्हणाली, “अगं, हळू. तसं फार हर्ट नाही होत.”

“हर्ट म्हणे!” आबा कोपऱ्यातून गुरगुरले. “तुम्हाला मराठीत दुखत नाही का गं? आणि हा शब्द आला तरी कुठून?”

नात कॉलेजात इंग्रजी शिकत होती. तिला असलं कुणी विचारायचाच अवकाश. जाडजूड कोश मांडीवर घेऊन ती वाचू लागली. “जुन्या फ्रेंचमधून आलाय, आजोबा. मूळ अर्थ दुखणं नव्हेच. धडक मारणं, आदळणं. काही जाणकारांना वाटतं, त्याच्याही मागे मेंढ्याला असलेला एखादा जुना शब्द असावा. पण ते नक्की नाही.”

“मेंढा आपल्या घरात आहे, ते मात्र नक्की,” मुलगा पुटपुटला. सूनबाईला एवढ्या दुखण्यातही हसू फुटलं.

आबा हसले नाहीत. “म्हणजे धडक आधी आणि दुखणं मागाहून,” ते सावकाश म्हणाले. “मग तुम्ही सगळे दुखण्याला काय चिकटलात? धडक का झाली, ते विचारा की मला.”

आणि पुढचं तेच सांगू लागले.

“मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. तोंडाकडे बघून समजून घेतो. पाठीमागचं काही कळत नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही घरी बसवलं असतं.” मग सुनेकडे वळून म्हणाले, “तू ओरडली होतीस ना, पोरी?”

तिनं मान हलवली. आबांनी तिचा धड असलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. त्यालाही भरून आलं होतं, पण सांगतो कोण!

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा पलंगावर नुसते बसून होते. सूनबाई दारात येऊन म्हणाली, “चला की! कणीक काय तुमचा लेक मळणार? दगड होईल तिचा.”

बेकरीत आबांनी बाह्या सरसावल्या, पिठात हात घातले. थोड्या वेळानं त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक तळवा टेकला. सूनबाई ट्रे घेऊन मागून जात होती. ओरडली नव्हती. धड हात ट्रेखाली आणि पट्टी बांधलेला आबांच्या पाठीवर. आबा अर्धं पाऊल पुढे सरकले. ती गेली.

मग मुलगा गेला, तसाच हात टेकवून. मग एकेक कामगार.

सूनबाई रिकामा ट्रे घेऊन परतली आणि पुन्हा तिनं हात ठेवला. आबा वळले नाहीत.

“जरा राहू दे तिथंच,” ते म्हणाले. “मला समजायला वेळ लागतो.”