आईची काळी वर्तुळं

बाबांच्या चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं राबत होती थोरली, आणि त्यांचा जीव होता धाकटीवर. का, तर तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती! आईला होती, अगदी तशीच. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी हातातली काच बाजूला ठेवून धाकटीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "हुबेहूब आई."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईच्या आजारपणात जागरणं केली हिनं, तरी हिचे मेले डोळे स्वच्छच्या स्वच्छ! आणि दहा-दहा तास घोरणारीला आईचा चेहरा फुकटात.

मग तिनं ती वर्तुळं घालवायचंच मनावर घेतलं. लवकर झोप, डोळे चोळू नकोस, उन्हात गॉगल लाव, लोहाच्या गोळ्या घे. महागडं क्रीमसुद्धा आणलं.

"ताई, किती गं करतेस माझ्यासाठी!" म्हणत धाकटीनं गळ्यात हात टाकले. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्रीम काही तिनं परत घेतलं नाही.

तीन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. शेवटी तिनं बहिणीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त ठीक, झोप ठीक, ॲलर्जी नाही.

"आईला होती का अशी?" बाईंनी विचारलं.

"होती," धाकटी म्हणाली.

"मग ही तिच्याकडूनच आलीत. जरा फिकी होतील, पण जायची नाहीत."

दुकानात पाऊल टाकताच थोरलीनं स्क्रूंचा ड्रॉवर धाडकन आपटला. "हिला आई मिळाली! मला काय मिळालं, बाबा? दुकानाची किल्ली?"

धाकटी दारातच थबकली. बाबांनी हातातली काच बाजूला ठेवली आणि थोरलीकडे पाहिलं.

"माझी बहीण आली ना, की तुझी आई हाच ड्रॉवर आपटायची," ते म्हणाले. "म्हणायची, तिच्याशी हसून बोलता आणि माझ्याकडे नुसते स्क्रू मागता. अशीच लालबुंद व्हायची."

थोरलीचा राग काही गेला नव्हता, पण तिनं विचारलंच.

"कसा आपटायची?"

"जोरात."

तिनं ड्रॉवर उघडला आणि पुन्हा आपटला. आतले स्क्रू खळखळले.

बाबांचे डोळे भरून आले.

"हुबेहूब," ते म्हणाले.