बदामाच्या खळग्या

"तिकीट?" क्रोचिफिस्सा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कालोजेरो, तू रांगायला शिकलास ते याच अंगणात. तुझी आई तुला माझ्या ओट्यावर टाकून विहिरीवर जायची. तेव्हा मी तुला तिकीट मागितलं होतं का रे?"

फाटकावरच्या कालोजेरोचे कान लाल झाले. मागे पर्यटकांची रांग खोळंबली होती.

"मावशी, हळू बोल. जा आत. पण पिशवीत काय आहे?"

"बदाम. आणि गोटा."

"गोटा कशाला?"

"तुझ्या डोक्यात घालायला. सरक."

पंचेचाळीस वर्षांत ती या फाटकातून एकदाही आत आली नव्हती. घरांखाली ग्रीकांचं देऊळ आहे म्हणून सरकारनं समुद्राकाठची अख्खी आळी उठवली आणि माणसं टेकडीवरच्या इमारतींत कोंबली. आपल्याच अंगणात पाहुणी म्हणून पाय ठेवायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. पण काल नात शाळेच्या सहलीहून आली आणि म्हणाली, "आजी, तुझा पाच खळग्यांचा दगड तिथं आहे. पण पाटीवर लिहिलंय, ग्रीक लोक त्यात देवीला दारू ओतायचे."

"दारू?" क्रोचिफिस्सानं हातातला झारा कढईत आपटला होता. "माझ्या आईच्या खळगीत?"

मोडक्या खांबांमधून ती सरळ चालत गेली. वाट कुणाला विचारावी लागली नाही. दगडाभोवती दोरी बांधली होती. ती तिनं ओलांडली, झगा गुडघ्यांत खोचून खाली बसली, आपल्या खळगीत बदाम ठेवला आणि वरून गोटा हाणला. टाक. कवच फुटलं. दुसरा ठेवला. टाक.

कुणीतरी शिट्टी फुंकली. उत्खननाच्या प्रमुख डॉक्टर बेल्लोमो धावतच आल्या. चाळिशीच्या, उत्तरेकडच्या, खूप शिकलेल्या.

"आजी, उठा! अडीच हजार वर्षांचा दगड आहे हा!"

"दगड असेल. खळग्या आमच्या आहेत. ही आईची, ही काकूची, ही वहिनीची, ही माझी. मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या हातात गोटा द्यायचा. आपली खळगी आपणच पाडायची. सून आली की तिनंही. दुसरीच्या खळगीत कुणी फोडायचं नाही, ती मेली तरी नाही."

"असं नुसतं सांगून पाटी बदलत नाही हो. पुरावा लागतो."

"मग वाक की जरा! उभ्यानं काय दिसणार?" क्रोचिफिस्सानं गोटा डाव्या हातात घेतला आणि दुसऱ्या खळगीवर नुसताच धरून दाखवला. "काकू डावखुरी होती. बघ, तेवढी एकच खळगी उलट्या बाजूला कललीय. तुझी देवी डावखुरी होती का?"

बेल्लोमोबाई गुडघ्यांवर बसल्या. एकेका खळगीतून त्यांनी बोट फिरवलं. काकूच्या खळगीत बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी क्रोचिफिस्साच्या उजव्या हाताकडे पाहिलं, तिच्या खळगीकडे पाहिलं.

"मी या दगडावर अख्खा निबंध लिहिलाय," त्या पुटपुटल्या.

"मग दुसरा लिही. हात मोडलेत का?"

बाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी खिशातून वही काढली. "पाटी आजच उतरवते. नावं सांगा, सगळी." क्रोचिफिस्सानं सांगितली, त्यांनी लिहिली. "आणि ही पाचवी? फारच उथळ आहे. आम्ही समजत होतो, काम अर्धवट राहिलं."

"तेवढं बरोबर समजलात," क्रोचिफिस्सा म्हणाली. "आगातिना. माझी धाकटी बहीण. दोनच हंगाम फोडले तिनं. तिसऱ्याच्या तोंडावर ताप आला."

बेल्लोमोबाईंनी तेही नाव लिहिलं. त्यांनी पिशवीतला एक बदाम उचलला आणि नकळत समोरच्याच उथळ खळगीत ठेवला.

क्रोचिफिस्सानं त्यांचं मनगट धरलं. "तिथं नाही."

तिनं तो बदाम उचलून घेतला. खळगीत साठलेली धूळ अंगठ्यानं पुसून काढली. मग दगडाला हात टेकून ती थोडी बाजूला सरकली, आपल्या खळगीपुढची जागा मोकळी केली आणि गोटा बाईंच्या हातात दिला.

"इथं फोड," ती म्हणाली. "बोटं सांभाळून."